प्रॉडक्शन इंजिनिअरिंग घ्यावं की मेकॅनिकल? भाचीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाली. दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेली होती, मार्क चांगले आहेत, आता डायरेक्ट सेकंड इयरचा ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात रोज रात्री जेवताना तोच विषय. तिला प्रॉडक्शन इंजिनिअरिंग घ्यायचंय, काही कॉलेजांत त्यालाच मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात असं ती सांगते. त्यासाठी लांबच्या सरकारी कॉलेजात जावं लागेल, हॉस्टेलवर राहून. दाजींचं म्हणणं असं की घराजवळच्या खासगी कॉलेजात मेकॅनिकल मिळतंय तर तेच घे, प्रॉडक्शन म्हणजे जन्मभर शॉपवर, कारखान्यात मशीनपाशी, उभं राहायचं, तीन पाळ्या, ते मुलीला कुठं झेपणार. ताई मधल्या मधे.

मी स्वतः कॉमर्सचा, यातलं मला काही कळत नाही. पण डिप्लोमाच्या ट्रेनिंगला ती सहा आठवडे एका मशीन शॉपमध्ये होती, तेव्हा रोज घरी येऊन ताटावर बसल्या बसल्या माप घ्यायचा गेज कसा लावतात ते चमच्यानं दाखवायची. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणून विचारतोय, प्रॉडक्शन घेतलं तर पुढं दारं बंद होतात का? आणि ज्यांनी हे प्रत्यक्ष शिकलंय त्यांनी नक्की काय शिकलं ते जरा सविस्तर सांगा.

फिरता_चक

मी प्रॉडक्शनवाला. 2009 ला बाहेर पडलो, तेव्हापासून मशीन शॉप, त्यामुळं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिल्यांदा फरक सांगतो. गणित, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, थिअरी ऑफ मशीन्स, ड्रॉइंग हे दोन्हीकडं बरंचसं सारखं. मेकॅनिकलला पुढं थर्मो, हीट ट्रान्सफर, आयसी इंजिन, रेफ्रिजरेशन असं जास्त. प्रॉडक्शनला तिथं मेटल कटिंग, टूल डिझाइन, जिग-फिक्स्चर (नग पकडून ठेवायची साधनं), प्रेस टूल, कास्टिंग-वेल्डिंग, मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाचं शास्त्र, क्वालिटी, प्रोसेस प्लॅनिंग, ऑपरेशन्स रिसर्च. म्हणजे एखादा शाफ्ट कागदावर आला की त्याचा कच्चा माल कुठला, पहिलं ऑपरेशन कुठलं, पकडायचा कुठं, मोजायचा कशानं आणि हजारावा नग पहिल्यासारखाच कसा निघेल, हा आमचा अभ्यास.

एक उदाहरण देतो. टेलरचं टूल लाइफचं समीकरण असतं, कटिंग स्पीड गुणिले टूल लाइफचा एन घात बरोबर स्थिरांक. फ्रेडरिक टेलरनं 1906-07 च्या सुमारास मांडलेलं, आजही चालतं. परीक्षेत आम्ही ते पाठ करून गणितं सोडवली आणि विसरलो. नोकरीत पहिल्या वर्षी साहेब म्हणाले सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, कमी कर, मी सरळ स्पीड 20 टक्के वाढवला. दोन दिवसांत इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकांचा, डबा रिकामा. मग रात्री वही काढून बसलो. कार्बाइडला एन पाव धरला तर 1.2 चा चौथा घात दोनच्या वर जातो, म्हणजे टूलचं आयुष्य निम्म्यावर! वर इन्सर्ट बदलायला मशीन थांबतं तो वेळ वेगळाच. त्या रात्री मला माझी ब्रँच कळली असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी स्पीड खाली आणला, फीड थोडा वाढवला, फिनिश बसतंय का बघितलं आणि काम झालं.

भाचीला गेज आवडतो ना? मग निम्मा प्रश्न सुटलाय.

ढगातला_कोड

विरोधात बोलतो, राग मानू नका. मीही मेकॅनिकल करून आयटीत आलो. कोअरमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीत, सुरुवातीचा पगार कमी, सुट्ट्या कमी, कंपनी गावाबाहेर. तिला डोकं आहे तर कॉम्प्युटर का नाही? डायरेक्ट सेकंड इयरला ब्रँच बदलता येत असेल तर तो पर्याय फॉर्ममध्ये वर टाका. आवड नंतरही जपता येते, पहिली पाच वर्षं आर्थिक पाया घालण्यात जावीत असं माझं प्रामाणिक मत.

एक_दशांश

मी मुलगी, प्रॉडक्शन, चाकणला प्रोसेस इंजिनिअर. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर मलाच द्यायला हवं.

झेपतं. पहिलं वर्ष अवघड जातं हे लपवणार नाही. उभं राहून पाय दुखतात, सेफ्टी शूजची सवय व्हायला महिना लागतो, आणि वीस वर्षं त्याच मशीनवर असलेला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, तुमचं ऐकून घेत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत मुलींसाठी धड टॉयलेटसुद्धा शॉपजवळ नव्हतं, ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं, हे मी तीनदा लेखी दिलं तेव्हा झालं. म्हणून नोकरी घेताना बस, कँटीन, टॉयलेट, रात्रपाळीची सोय हे सगळं मुलाखतीतच विचारायचं, लाजायचं नाही.

पण मान मिळतो तो कामानं. एक किस्सा सांगते. 50 एच 7 चा बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, होता, व्यास 50.000 ते 50.025 मिलिमीटर एवढीच जागा. दुसऱ्या पाळीत मशीनवर मोजला की सगळे नग ओके, सकाळी गेज रूममध्ये त्यातले बरेच अंडरसाइज. पाळ्यांमध्ये भांडण लागलं, तुम्ही नीट मोजत नाही, तुमचा गेज खराब. मी एक नग घेतला, मशीनमधून निघाल्या निघाल्या मोजला, 50 च्या सहा मायक्रॉन वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोच नग गेज रूममध्ये रात्रभर ठेवला, तिथं तापमान 20 अंश असतं, सकाळी तीन मायक्रॉन खाली! स्टील एका मीटरला एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं, 50 मिलिमीटरला पंधरा अंशांचा फरक असेल तर साडेआठ-नऊ मायक्रॉन. पंचवीसच्या टॉलरन्समधला तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेनं खाल्ला. दोन्ही पाळ्या खरं बोलत होत्या. मग ऑफसेट, म्हणजे मशीनमधली टूलची दुरुस्ती, वर सरकवला, बोअर रेंजच्या मध्यावर आणला, मोजायच्या आधी नग थंड करायची पद्धत लावली. त्या दिवसानंतर सेटरकाका स्वतः येऊन विचारायला लागले, मॅडम हे बघा जरा.

हे मला मेट्रॉलॉजीच्या सरांनी सेकंड इयरला शिकवलं होतं. भाचीला सांगा, त्या विषयाचं एकही लेक्चर बुडवू नको.

नांदेडकर

एक_दशांश, +१. प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला.

उद्यमनगरी

कोल्हापुरातनं लिहितोय. आमची फौंड्री हाय, लहानच, पण वडलांपासनं चालत आलेली. हितं मशीन शॉपवालेच बोलायलेत म्हणून म्हटलं आमच्या बाजूचंबी सांगावं. बोअर मोजायच्या आधी ते कास्टिंग कुणीतरी ओतलेलं असतंय बघा.

आमच्याकडं पोरं येत्यात इंजिनिअर होऊन, त्यांना वाटतंय फौंड्री म्हंजे वाळू आणि धूर. मी त्यांना पहिल्या दिवशी पॅटर्न, म्हंजे वाळूत साचा उठवायचा नमुना, दाखवतो आणि इचारतो, ह्यो ड्रॉइंगपेक्षा मोठा का? ग्रे आयर्न थंड होताना शेकडा एक टक्क्याच्या आसपास आकसतंय म्हणून. ज्याला हे सांगता येतंय त्याला मी लगेच ठेवून घेतो, बाकीचं मी शिकवतो. लोखंड चौदाशे अंशाच्या आसपास ओतायचं, वाळूत ओल जास्त झाली की ब्लो होल, म्हंजे आत पोकळी, कमी झाली की मोल्ड ढासळतोय, वाळू धरणारी बेंटोनाइट माती किती, धातू आत जायची वाट म्हंजे गेट कुठं, जादा धातूचा रायझर किती मोठा, आणि दोष दिसतोय कधी? मशीन शॉपमध्ये जाऊन निम्मं मशीनिंग झाल्यावर. मग तिकडनं फोन येतोय आणि अख्खी लॉट परत. आता सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन करून ओतायच्या आधी बघता येतंय धातू कुठं शेवटाला गोठणार, पण ते करणारी माणसं मिळत नाहीत, कारण ज्याला सॉफ्टवेअर येतंय त्यानं वाळू हातात धरलेली नसती.

पोरगीला प्रॉडक्शन करू द्या. आणि सुट्टीत एक महिना फौंड्रीत घालवू द्या, कुठल्याबी.

मिशिगनवासी

बाहेर शिकायचा विचार असेल तर एक मुद्दा नोंदवतो, कारण माझ्या पुतण्याला हा आधी माहीत नव्हता. अमेरिकेत मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग आणि मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी अशा दोन वेगळ्या पदव्या आहेत. शेवटी टेक्नॉलॉजी शब्द लागला की अभ्यासात प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष मशीनकाम जास्त, उच्च गणित कमी. मान्यता देणारी संस्था एकच, अ‍ॅबेट, पण तिचे आयोग वेगवेगळे, इंजिनिअरिंगचा वेगळा आणि टेक्नॉलॉजीचा वेगळा. कारखान्यात नोकरीला दोन्ही चालतात, इथं मिशिगनात टेक्नॉलॉजीवाले भरपूर भेटतात आणि पहिल्या दिवसापासून कामाचे असतात. पण पुढं प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स काढायचं असेल तर नियम राज्यागणिक बदलतात. काही राज्यं टेक्नॉलॉजीवाल्यांकडून जास्त वर्षांचा अनुभव मागतात, काही ठिकाणी त्या पदवीवर ते मिळतच नाही. तेव्हा पदवीचं पूर्ण नाव आणि मान्यता कुठल्या आयोगाची हे वाचूनच पैसे भरावेत.

पुतण्या टेक्नॉलॉजीच करतोय, स्वतः बनवलेल्या फिक्स्चरचे फोटो पाठवत असतो, खूश आहे.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एक_दशांश, तुमचा प्रतिसाद ताईला दाखवला, तिनं दोनदा वाचला. टॉयलेटचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

आणखी एक विचारायचं होतं, सरकारी नोकरीला प्रॉडक्शन चालतं का? दाजींचा जीव तिथं अडकलाय.

जाहिरात_वाचा

चालतं कुठं, नाही कुठं. काही जाहिरातींत 'मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींत फक्त मेकॅनिकल, मग समकक्षतेच्या दाखल्यामागं फिरावं लागतं आणि फॉर्मची मुदत संपून जाते. हा या ब्रँचचा खरा तोटा आहे, तो मान्य करायला हवा. गेट या प्रवेश परीक्षेला प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर असतो, पीआय नावाचा, पण गेटच्या मार्कांवर भरती करणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा मेकॅनिकलचा पेपर मागतात. माझ्या ओळखीतल्या प्रॉडक्शनवाल्यांनी म्हणून मेकॅनिकलचाच पेपर दिला, थर्मो आणि फ्लुइड घरी बसून करावं लागलं. एम. टेक. करायचं असेल तर पीआय उत्तम.

दाजींना ज्या तीन-चार खात्यांची आशा आहे त्यांच्या मागच्या जाहिराती काढा आणि अर्हतेचा रकाना एकत्र बसून वाचा. एका संध्याकाळचं काम आहे.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, म्हणून दोन शब्द. थोडं अवांतर होईल.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मास्तर होते हे किती जणांना ठाऊक आहे? चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळलं, तेव्हा रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी. नांगर शेतकऱ्याच्या हाती गेला त्याच्या आधी तो कागदावर नीट उतरला होता, आणि तसाच दुसरा, तसाच तिसरा ओतता येईल अशी सोय झाली होती. मला तर महाराष्ट्रातला पहिला प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणजे तेच वाटतात, पदवी नसेना का.

ज्या संस्थेत ते शिकवत होते ती 1887 ची, आणि तिथं प्रॉडक्शनची पदवी कितीतरी वर्षांपासून दिली जातेय. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, आताचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, 1854 पासूनचं, तिथं हाच विषय मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग नावानं आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी संस्थेतही प्रॉडक्शन आहे. मुलीला म्हणावं, ड्रॉइंग हातानं काढायची सवय मोडू नकोस. संगणकावर काढलेल्या चित्रात टॉलरन्स कुठं द्यायचा हे संगणक सांगत नाही.

काताऱ्याची_नात

मास्तर, किती छान लिहिलंत. माझे आजोबा कातारी, लाकूड कातून लाटणी-पोळपाट, पाळण्याचे खांब करायचे. घरी दोरीनं ओढायचं जुनं यंत्र होतं, एक जण ओढायचा, आजोबा पटाशी धरायचे. पहिल्यांदा कॉलेजात लेथ पाहिला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

सबमिशन_पूर्ण

मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरलाच प्रॉडक्शनला आले, आता लास्ट इयर. ब्रँच कुठलीही घ्या पण एक गोष्ट आधी सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती: एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. बाकीची मुलं बारावीचं गणित आणि फर्स्ट इयरचे दोन पेपर करून आलेली असतात आणि आपण डिप्लोमाचं गणित दोन वर्षांपूर्वी सोडलेलं असतं, सर पहिल्याच दिवशी लाप्लास सुरू करतात आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स तुम्हाला येतंच असं धरून चालतात. माझी केटी लागली, म्हणजे विषय राहिला, खूप रडले. आमच्या बॅचला डिप्लोमाच्या बऱ्याच जणांची लागली होती. वर्कशॉपला मात्र उलट, त्यांना कानस धरता येत नव्हती आणि आमचा मेल-फीमेल जॉब, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारे दोन तुकडे, दुसऱ्या दिवशीच उजेडाला धरून ओके, फट नाही. मग आम्ही ठरवलं, मी वर्कशॉपमध्ये मदत करते, तुम्ही मला लाप्लास शिकवा. असे सुटलो सगळे.

म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा एक महिना फक्त इंटिग्रेशन. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

फिरता_चक

सबमिशन_पूर्ण, हे सोनं आहे, भाचीनं वहीवर लिहून ठेवावं.

कोयनाकाठ, ब्रँचच्या नावापेक्षा मला कॉलेजची जास्त काळजी वाटते म्हणून परत आलो. प्रॉडक्शन घेतलं आणि मशीन बंद असेल तर ते नुसतं पाठांतर होतं. फॉर्म भरायच्या आधी दोन्ही कॉलेजं बघून या, आणि प्रिन्सिपलच्या केबिनपेक्षा वर्कशॉपमध्ये जास्त वेळ घालवा. सीएनसीच्या, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या, चिपच्या (धातूच्या किसाच्या) ट्रेमध्ये डोकावून बघा. ताज्या चिप्स आहेत की धूळ आहे? कूलंटचा, म्हणजे कापताना सोडतात त्या थंडाव्याच्या पाण्याचा, वास घ्या, कुजका वास येत असेल तर टाकी महिनोन् महिने कुणी बघितलेली नाही. मेट्रॉलॉजी लॅबचा एसी चालू आहे का, स्लिप गेजच्या, म्हणजे मापाच्या प्रमाणित ठोकळ्यांच्या, पेटीला गंज आहे का. तिथल्या वर्कशॉप इन्स्ट्रक्टरांशी बोला, प्रोफेसर सांगणार नाहीत ते ते सांगतात. आणि मुलांना विचारा, प्रोग्रॅम तुम्ही स्वतः मशीनवर चालवता की काचेतून बघता?

कारण चुका तिथंच करायच्या असतात. मी कॉलेजात एक्स 50 लिहून पुढचा टिंब द्यायला विसरलो होतो, आमच्या कंट्रोलरनं ते 50 मायक्रॉन समजलं आणि टूल थेट चककडं, म्हणजे नग पकडणाऱ्या जबड्याकडं, निघालं. इन्स्ट्रक्टरांचा हात इमर्जन्सी बटणावर होता म्हणून वाचलं. कंपनीत तीच चूक झाली असती तर स्पिंडल गेला असता.

ढगातला_कोड

धागा वाचत होतो. माझं मत पूर्ण बदललं नाही, पगाराचा मुद्दा अजूनही खरा आहे. पण एक_दशांश यांचा बोअरचा किस्सा मी ऑफिसात सांगितला, लोक थांबून ऐकत होते. एक विचारतो, या ब्रँचला कोडिंगचा उपयोग होतो का? होत असेल तर तिनं दोन्ही करावं.

एक_दशांश

भरपूर होतो! आम्ही मशीनमधून स्पिंडलचा लोड काढतो, इन्सर्ट झिजत गेला की लोड हळूहळू चढतो, तो आलेख बघून टूल बदलायची वेळ ठरवता येते, नाहीतर दर शंभर नगांनी बदल असं आंधळं ठरवावं लागतं. हे मी पायथॉन शिकून स्वतः केलं, तुमच्यासारख्या एका मित्राच्या मदतीनं. फक्त लोड कशानं चढला हे माहीत हवं, इन्सर्टनं की कास्टिंग कडक आलं म्हणून. उद्यमनगरी, हे तुमच्यासाठी, मागच्या महिन्यात कास्टिंगच होतं.

उद्यमनगरी

आमचं नव्हतं ते! पण बरोबर हाय तुमचं. पातळ कडंला लोखंड लवकर थंड झालं की कडक होतंय, चिल म्हणतो आम्ही त्याला, इन्सर्टचं तोंडच जातंय.

कोयनाकाठ

उशीर झाला उत्तर द्यायला. शनिवारी जवळचं कॉलेज बघितलं, रविवारी रात्रीच्या एसटीनं निघून सोमवारी लांबचं. दाजी, ताई, भाची आणि मी.

जवळच्या कॉलेजची इमारत झकास, सीएनसी मशीन नवंकोरं, वर प्लॅस्टिक घातलेलं. ट्रे भाचीनंच ओढून बघितला, कोरडा. लांबच्या कॉलेजात इमारत जुनी, पंखे आवाज करणारे, पण ट्रे निळसर चिप्सनी भरलेला आणि तीन मुलं कसल्यातरी फिक्स्चरवर वाद घालत होती. तिथल्या इन्स्ट्रक्टरांनी भाचीच्या हातात मायक्रोमीटर दिला, म्हणाले, मोज. तिनं मोजलं, परत शून्य बघून घेतलं, परत मोजलं. त्यांनी दाजींकडं बघून विचारलं, हिला कुणी शिकवलं आधी शून्य बघायला? दाजी काही बोलले नाहीत. येताना एसटीत खिडकीशी बसून होते, कराड जवळ आल्यावर म्हणाले, हॉस्टेलची फी विचारायची राहिली.

मागच्या जाहिरातीही वाचल्या. चारपैकी दोन ठिकाणी प्रॉडक्शन चालतंय, दोन ठिकाणी नाही. तेवढं माहीत असून तिनं प्रॉडक्शन पहिल्या नंबरला टाकलंय, मेकॅनिकल दुसऱ्या. फॉर्म काल रात्री कन्फर्म केला.

सबमिशन_पूर्ण, तिनं इंटिग्रेशन सुरू केलंय. लाप्लाससाठी कुठलं पुस्तक ते तुम्हाला विचारायला सांगितलंय तिनं.

सबमिशन_पूर्ण

पुस्तक नको, माझ्या वह्या देते. दोन आहेत, केटीच्या वेळी केलेल्या, त्यामुळं एकही पायरी गाळलेली नाही. पत्ता व्यनिनं (खासगी निरोपानं) कळवा, बुधवारी स्पीड पोस्ट करते. फक्त दुसऱ्या वहीच्या मागच्या पानांवर फिक्स्चरची स्केचेस आहेत, ती फाडू नका म्हणावं, ती पण बघू दे तिला.